त्या कामाची वाट कोण पाहतंय?

नागपुरात इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलामुलीच्या हातात पहिल्या वर्षी एकदा तरी कानस येते. वर्कशॉपच्या तासाला एमएसच्या, म्हणजे साध्या मऊ पोलादाच्या, पट्टीचे दोन तुकडे मिळतात. ते व्हाइसमध्ये धरायचे, घासून काटकोनात आणायचे, गुण्या लावून उजेडाकडे धरायचे आणि कुठून फट दिसते ते पाहायचं. मग खूण करून हॅकसॉने कापायचं आणि एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची. याला फिटिंग जॉब म्हणतात. मी मेकॅनिकल शिकवते आणि हा तास मला मनापासून आवडतो. बारावीपर्यंत फक्त पेन धरलेल्या बोटांना इथे पहिल्यांदा लोखंड उत्तर देतं. घाई केली की कड गोल होते. गोल झालेली कड पुन्हा सरळ करायची तर माप कमी होतं. पुस्तकातल्या चुकीवर खोडरबर चालतं, इथे चालत नाही, हे पोरांना तासाभरात कळतं.

पण पुढे काय होतं? जॉब जमा होतो, त्यावर रोल नंबरचा पंच बसतो, मार्क पडतात आणि वर्षाच्या शेवटी ते सगळे तुकडे भंगारात जातात. पोरांना हे ठाऊक असतं. म्हणून मग कुणी सीनियरचा जुना जॉब घासून नवा करतो, कुणी बाहेरून करून आणतो, आणि जर्नल तर एकाचं बघून दुसरा उतरवतोच. मला या मुलांचा राग येत नाही. त्या दोन तुकड्यांची जगात कुणालाच गरज नसते. ज्या कामाची कुणी वाट पाहत नाही ते काम जीव लावून करा असं अठरा वर्षांच्या मुलाला किती दिवस सांगणार?

परदेशात जाऊन हाताने काम शिकण्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. दरवर्षी आमची काही मुलं उन्हाळ्यात जर्मनी, कॅनडा, जपानला जाऊन येतात. परतल्यावर मी त्यांना निवांत बसवून ऐकते. ज्यांच्यात खरा फरक पडलेला असतो, त्यांच्या बोलण्यात यंत्रं किती महागडी होती, इमारती किती देखण्या होत्या हे फार येत नाही. येतं ते असं, की माझ्या हातच्या कामावर तिथे कुणाचं तरी पुढचं काम अडलेलं होतं.

एक मुलगी यवतमाळ जिल्ह्यातली, वणीकडची. घरी वडिलांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात ती जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे छोट्या पंपांच्या चाचणीचा एक बेंच होता आणि त्यावर दाब मोजणारा सेन्सर बसवायला एक ब्रॅकेट हवा होता. काम एवढंच. तिने मापं घेतली, संगणकावर मॉडेल केलं, ड्रॉइंग काढलं आणि वर्कशॉपच्या तंत्रज्ञाकडे नेऊन दिलं. त्याने ते पाहिलं आणि परत दिलं.

ड्रॉइंगमध्ये एकही आकडा चुकलेला नव्हता. तिने २० लिहिलं होतं तिथे २०च हवं होतं. त्याचा प्रश्न वेगळा होता: वीस म्हणजे किती ते किती? लोखंड कापणाऱ्या कुठल्याही यंत्राला नेमकं वीस येत नाही. एकोणीस पूर्णांक नऊ चालेल का? साडेएकोणीस चालेल का? मापात किती फरक चालेल त्या मर्यादेला टॉलरन्स म्हणतात. आपल्याकडे टॉलरन्स हा पेपरात येणारा विषय असतो, व्याख्या आणि आकृती मिळून पाच-सात मार्कांचा. तिथे त्याशिवाय मशीनवर तुकडाच चढत नव्हता. मग त्याने तिला ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत एक ओळ लिहायला लावली: आयएसओ २७६८-एम. त्या एका ओळीने सांगितलं जातं की ज्या मापापुढे काही लिहिलेलं नाही, ते ६ ते ३० मिलिमीटरमधलं असेल तर ०.२ इकडे-तिकडे चालेल, ३० ते १२० मधलं असेल तर ०.३. आणि जिथे सेन्सरचा दांडा घट्ट बसायचा आहे, त्या भोकापुढे मात्र स्वतंत्र, काटेकोर मर्यादा लिहायची. म्हणजे कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे सोडून द्यायचं, हे आधी ठरवायचं. सगळीकडेच काटेकोरपणा मागितला तर तुकडा विनाकारण महाग होतो, कुठेच मागितला नाही तर तो बसत नाही. हा निर्णय इंजिनिअरचा असतो. संगणक तो घेत नाही.

आणखी एक गोष्ट तिला तिथल्या कागदांवर सारखी अडखळवायची. जर्मनीत दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम लिहितात. बारा पूर्णांक पाच हे '१२,५' असं. सवय व्हायला वेळ लागला, पण तेव्हापासून कुठलाही आकडा ती दोनदा वाचते. अजूनही.

तिला सर्वात जास्त शिकवलं ते मात्र शेजारच्या टेबलावरच्या एका पीएचडी करणाऱ्या बाईंनी, आणि तेही काही न शिकवता. त्या बाईंची सगळी मोजणी या ब्रॅकेटपायी थांबली होती. "मॅडम, त्या रोज सकाळी येऊन विचारायच्या, झालं काय म्हणून. रागवायच्या नाही. पण मला तर झोपच येत नव्हती जी," ती सांगत होती. ब्रॅकेट बसला, गळती न होता दाब वाचता आला, आणि त्या बाईंनी त्याच दुपारी मोजणी सुरू केली. मी तिला विचारलं, तिथे सगळं अगदी नवीन वाटलं असेल ना? ती म्हणाली, "नाही. बाबांच्या दुकानासारखं वाटलं."

मी बराच वेळ त्या उत्तराचा विचार करत राहिले. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत ज्या शेतकऱ्याची मोटर जळते, तो दुकानात मोटर टाकून घरी जात नाही, बाहेरच्या बाकड्यावर बसून राहतो. त्याच्यासमोर तार गुंडाळली जाते, वार्निश सुकतं, आणि मोटर चालू करून दाखवल्याशिवाय तो हलत नाही. ही मुलगी त्या बाकड्याच्या शेजारी वाढली. वणीच्या दुकानात आणि जर्मनीतल्या प्रयोगशाळेत जे होतं, ते या दोहोंच्या मधल्या आमच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात तिला क्वचितच भेटलं. आम्हा शिक्षकांनी हे मनाला लावून घ्यायला हवं असं मला वाटतं.

मग कुणी विचारेल, काम महत्त्वाचं तर परदेश कशाला? बुटीबोरी आहे, हिंगण्याची एमआयडीसी आहे. बरोबर आहे. तिथेही जावं, आधी जावं. पण परक्या जागेचं एक वेगळं देणं असतं: आपण जे गृहीत धरतो ते तिथे दुसऱ्या कुणाला गृहीत नसतं. आमचा एक मुलगा कॅनडात होता. त्याला एका झडपेच्या आवरणाचं ड्रॉइंग दिलं आणि भोकं पाडायला सांगितलं. आपल्याकडे ड्रॉइंग फर्स्ट अँगलने काढतात. त्यात समोरच्या दृश्याखाली वरचं दृश्य येतं, आणि उजवीकडून पाहिलेलं डावीकडे जातं. युरोपातही हीच पद्धत आहे. अमेरिका, कॅनडा, जपान मात्र थर्ड अँगल वापरतात, तिथे वरचं दृश्य वर आणि उजवं उजवीकडे. सवयीने वाचलं असतं तर भोकं नेमकी उलट्या बाजूला गेली असती. ड्रॉइंग कोणत्या पद्धतीचं आहे ते सांगणाऱ्या, कोपऱ्यातल्या छाटलेल्या शंकूच्या छोट्या खुणेवर त्याची नजर गेली आणि त्याने हात थांबवला. त्या रात्री त्याने मला त्या खुणेचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलेलंच नव्हतं. ही खूण मी दरवर्षी पहिल्या सेमिस्टरला फळ्यावर काढते आणि पोरं ती दोन मार्कांसाठी पाठ करतात. आता मी ती काढते तेव्हा आधी त्या आवरणाची गोष्ट सांगते.

नागपूरकरांना एका परदेशवारीची आठवण करून द्यावीशी वाटते. आपल्या साउथ अंबाझरी रोडवरच्या व्हीएनआयटीला ज्यांचं नाव आहे त्या विश्वेश्वरय्यांची. १९६० साली हे कॉलेज विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग म्हणून सुरू झालं, जुनी मंडळी अजून त्याला व्हीआरसीई म्हणतात. विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८९८ मध्ये जपान पाहायला गेले. तेव्हा आपल्याकडचा शिकलेला माणूस परदेश म्हटलं की इंग्लंडकडे बघायचा. हे जपानला गेले, कारण एक आशियाई देश स्वतःच्या बळावर कारखाने आणि शाळा कशा उभारतो ते त्यांना समजून घ्यायचं होतं. पुढे १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले. जपानच्या प्रवासातून ते दरवाजे आले असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या नावाने आपलं कॉलेज उभं आहे तो माणूस पाहून, हाताळून, विचारून शिकणारा होता, हे त्या फाटकातून आत जाणाऱ्या मुलांना कुणीतरी सांगावं.

काम आणि शिक्षण एकमेकांत विणण्याची कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये विद्यार्थ्यांना आलटून पालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ पासून हीच पद्धत आपल्या इंजिनिअरिंगचा पाया केली. आणि महायुद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात काही युरोपीय देश एकत्र आले आणि आयएस्टे ही संस्था जन्माला आली. कालपर्यंत महायुद्धात होरपळलेल्या देशांनी आपापली मुलं एकमेकांच्या कारखान्यांत काम शिकायला पाठवायची, असं ठरवलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. त्यात एक नियमही आहे: जो विद्यार्थी परक्या देशात प्रशिक्षणाला जातो, त्याला तिथे राहण्या-खाण्यापुरता मोबदला मिळालाच पाहिजे. हा फक्त सोयीचा प्रश्न नाही. जो पैसे देतो त्याला तुमचं काम हवं असतं. तो तुम्हाला कोपऱ्यात बसवून ठेवणार नाही.

आणि आपल्या शेजारचं वर्धा? ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी नई तालीम मांडली. हाताच्या उद्योगातून शिक्षण, इतकं आपल्याला पाठ असतं. पण ते आणखी एका गोष्टीवर अडून बसले होते, जिच्यावर तेव्हाही वाद झाला: मुलांनी केलेली वस्तू खरोखर वापरली जावी, विकली जावी, तिच्यातून शाळेचा खर्च निघावा. बालमजुरीची भीती दाखवणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मला त्यातलं मूळ पटतं. कातलेल्या सुताचं कापड होणार असेल तर मूल सूत नीट काततं. सेवाग्राम इथून पाऊणशे किलोमीटरवर आहे. परदेशी विद्यापीठं ज्याला आज प्रत्यक्ष अनुभवाचं शिक्षण म्हणतात आणि ज्यासाठी आपली मुलं विमानात बसतात, त्याचा एक जुना, आपला धागा इतक्या जवळ आहे.

आता एक तक्रार. गेल्या काही वर्षांत कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर परदेशी इंटर्नशिपच्या जाहिराती लागू लागल्या आहेत. दहा दिवस, दोन देश, तीन कारखाने, एक विद्यापीठ, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. पैसे आईवडिलांनी भरायचे, आणि रक्कम अशी की त्यात घरातल्या दुसऱ्या मुलाची वर्षाची फी निघावी. माझ्याकडे एक वडील आले होते, कळमेश्वरकडचे संत्र्याचे बागायतदार. "मॅडम, कर्ज काढून पाठवू का?" मी त्यांना विचारलं, "काका, तिथे तुमचा मुलगा करणार काय?" त्यांनी माहितीपत्रक पुढे केलं. पानभर वाचलं, त्यात 'पाहणे', 'भेट देणे', 'संवाद साधणे' हीच क्रियापदं होती. 'बनवणे', 'जोडणे', 'दुरुस्त करणे', 'मोजणे' यातलं एकही नव्हतं. मी त्यांना नका पाठवू म्हणाले. कारखाना काचेपलीकडून पाहणं वाईट नाही, प्रवासाने माणूस मोठा होतो हेही खरं. पण त्यासाठी कुणी कर्ज काढू नये आणि त्याला कुणी कामाचा अनुभव म्हणू नये.

तेच पैसे न घेता, उलट देऊन नेणारे मार्ग आहेत आणि ते आपल्या मुलांपर्यंत पोचतच नाहीत, हे मला जास्त टोचतं. जर्मनीची डाड ही संस्था भारतीय विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात तिथल्या प्रयोगशाळांत काम करायला वाइज नावाची शिष्यवृत्ती देते. कॅनडाचं मायटॅक्स ग्लोबलिंक बारा आठवड्यांच्या संशोधनासाठी मुलांना बोलावतं. जपानचा साकुरा सायन्स कार्यक्रम आहे. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, निवड कडक. पण मुंबई-पुण्याच्या मुलाला हे सीनियरकडून दुसऱ्याच वर्षी कळतं, आणि गडचिरोलीहून येऊन नागपूरच्या हॉस्टेलात राहणाऱ्या मुलीला चौथ्या वर्षी, मुदत संपल्यावर. हुशारीत फरक नसतो, कॅन्टीनमध्ये शेजारी कोण बसतं यात असतो.

इथेच राहूनही परक्या मापाने काम करण्याचा एक मार्ग आमच्या पोरांनी शोधला आहे. बाहाची गाडी, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवून शर्यतीत उतरवायची गाडी. अमेरिकेत १९७६ पासून चाललेली ही स्पर्धा २००७ पासून आपल्याकडे, इंदूरजवळ पीथमपूरला भरते. सगळ्यांना सारखंच दहा हॉर्सपॉवरचं इंजिन, खाचखळग्यांचा मार्ग आणि शेवटी चार तासांची दमछाक करणारी शर्यत. नियमपुस्तक जाडजूड. चालकाभोवतीच्या पिंजऱ्याचा पाइप केवढ्या व्यासाचा, किती जाडीचा हे त्यात लिहिलेलं, पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के हवं, त्याचा दाखला हवा. वेल्डिंगचे नमुने कापून दाखवावे लागतात. आमची पोरं रात्री दोन-दोनपर्यंत वर्कशॉपमध्ये असतात, आणि मी त्यांना एकदाही नीट काम करा म्हणून सांगितलेलं नाही. त्या पिंजऱ्यात त्यांचाच मित्र बसणार असतो.

आतापर्यंत आपली मुलं तिकडे जाण्याचं बोलले. तिकडची मुलं गरीब देशांत काम करायला जातात, त्याचाही इतिहास आहे आणि तो आपण वाचला पाहिजे, कारण त्यात आपण दुसऱ्या बाजूला उभे असतो. कोलोराडो विद्यापीठाचे प्राध्यापक बर्नार्ड अमादेई २००० साली बेलीझ देशातल्या सान पाब्लो गावी गेले. नदीवरून पाणी वाहण्यात तिथल्या लहान मुलींचा दिवस जायचा, शाळा बुडायची. ते विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा तिथे गेले आणि धबधब्याच्या जोरावर चालणारा, वीज न लागणारा पंप बसवला. त्यातून २००२ मध्ये अमेरिकेत इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स उभी राहिली. पण अशा कामांचं पुढे काय होतं? पाहुणे जातात, वॉशर झिजतो, वॉशर गावात मिळत नाही आणि पंप बंद पडतो. याच नावाच्या कॅनडातल्या संस्थेने २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचा अहवाल स्वतःहून छापायला सुरुवात केली. देणगीवर चालणाऱ्या संस्थेने हे करायला केवढं धैर्य लागलं असेल. आमच्या मुलांच्या प्रोजेक्ट रिपोर्टात 'निष्कर्ष' असतो, 'भविष्यातील वाव' असतो. काय चाललं नाही याला पानच नसतं. मी आता ते पान मागते.

स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची गोष्टही अशीच जवळची. कमी दिवसांच्या बाळांसाठी स्वस्त इनक्युबेटर करा, एवढं काम त्यांना वर्गात मिळालं होतं. ते नेपाळला गेले. काठमांडूच्या इस्पितळात देणगीतून आलेले इनक्युबेटर होते, काही रिकामेच पडलेले, कारण बाळं जन्मत होती दूर डोंगरातल्या खेड्यांत, जिथे वीज नव्हती. मग प्रश्नच बदलला. त्यांनी झोपायच्या पिशवीसारखी एक पिशवी केली, आत मेणासारखा पदार्थ, जो एकदा तापवला की बाळाच्या अंगाच्या उबेइतका, सदतीस अंशांवर, काही तास टिकून राहतो. आणि हे लोक पुढे बंगळूरला येऊन राहिले, काम तिथूनच पुढे नेलं. मला हे येऊन राहणं फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणून, नागपुरातही बाहेरची मुलं यावीत असं मी म्हणते तेव्हा पाहुणचार माझ्या डोक्यात नसतो. नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था १९५८ पासून इथे आहे. भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, त्यामुळे तेवढं पिण्यायोग्य पाणी वाचतं. जगातल्या कुठल्याही जल-अभियंत्याने येऊन पाहावं असं ते काम आहे. आणि ऊन आहे. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो ते ऊन, जे कोणत्याही प्रयोगशाळेत उभं करायला खर्च येईल.

एका मे महिन्यात युरोपातल्या एका विद्यापीठाचे काही विद्यार्थी आमच्या मुलांबरोबर काम करायला आले होते. उत्तर नागपुरात बायकांचं एक शिलाई केंद्र आहे, टिनाच्या छताखाली. दुपारी तिथे मशीनच्या चाकाला हात लावता येत नाही इतकं तापतं. बायकांना काम बंद ठेवणं परवडत नाही, शाळेच्या गणवेशांची ऑर्डर जूनच्या आत द्यायची असते. आलेल्या मुलांनी कूलर हे यंत्र पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी पहिल्याच दुपारी जे केलं ते त्यांच्या देशात शहाणपणाचं ठरलं असतं: गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या. अर्ध्या तासात आत दमट, चिकट वाफ भरली. शेवटी एक काकू मशीनवरून उठल्या. "अरे पोट्टेहो, समोरची खिडकी उघडा ना बाप्पा! हवा जाईन कुठून?"

तिथून पुढचा धडा त्याच खोलीत झाला. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या आसपास थांबतो. कूलर त्या दिशेने जातो, पण पूर्ण पोचत नाही. चांगली जाळी असेल तर २७-२८ अंशांची हवा देतो. मात्र तीच हवा आतल्या आत फिरली की आर्द्रता चढते आणि पाणी उडून जायला जागाच उरत नाही. ऑगस्टमध्ये बाहेर ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असते, तेव्हा ओला तापमापकच २९ दाखवतो, मग कूलर करणार काय? आमच्या मुलांनी हे गणित परीक्षेत सोडवलं होतं, आणि कूलर जन्मापासून पाहिला होता. दोन्ही एकच गोष्ट आहे हे त्यांना त्या दुपारी, पाहुण्यांना समजावताना कळलं. समजावायला परका माणूस समोर हवा होता.

पुढे त्यांनी मिळून टिनावर चुना मारला, छतापासून वीतभर उंचीवर हिरवी नेट ताणायला सांगाडा केला आणि समोरच्या भिंतीत वरच्या अंगाला झरोका पाडला. सगळं झाल्यावर केंद्र चालवणाऱ्या ताईंनी विचारलं, "पावसाळ्यात हे काढायचं कोणी? आणि ठेवायचं कुठं?" सांगाडा वेल्डिंगने जोडलेला होता. मुलांनी तो कापला आणि नट-बोल्टवर पुन्हा केला, असा की दोन बायका शिडी लावून एका पान्याने सोडवू शकतील आणि दारामागे उभा करू शकतील. पाहुण्यांच्या विमानाची तारीख जवळ आली होती, म्हणून दिवसा गर्मीतही काम चाललं. पुढच्या मेमध्ये आमची मुलं जाऊन पाहून आली. नेट लागली होती, आणि ताईंनी दोन बोल्ट बदलून जाडे घातले होते. ती माहिती मुलांनी युरोपात कळवली. असंच चालावं.

ही काही माझ्या मनातली स्वप्नं नाहीत, शक्य असलेल्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या वुस्टर पॉलिटेक्निकने १९७० पासून आपल्या अभ्यासक्रमात प्रकल्पांना मध्यभागी ठेवलं, आणि तिथले विद्यार्थी सात-सात आठवडे जगभरच्या गावा-शहरांत जाऊन तिथल्या लोकांचा एखादा खरा प्रश्न हाताळतात. हिमाचलात आयआयटी मंडीची मुलं त्यांच्याबरोबर जोडीने काम करत आली आहेत. मंडीला जे जमतं ते नागपूरला का जमू नये? अडतं कुठे ते मला माहीत आहे, कारण मी त्या बैठकांना बसते. आपली विद्यापीठ परीक्षा उन्हाळ्यात लांबते आणि परदेशातली जागा मे महिन्यात सुरू होते. वेळापत्रक लवकर कळलं तर अर्धा प्रश्न सुटेल. बाहेर केलेल्या कामाचं क्रेडिट इथल्या गुणपत्रिकेत बसवायला फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते. आणि वर्कशॉपमधले तंत्रज्ञ निवृत्त होत आहेत, त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. लेथवर तीस वर्षं उभा राहिलेला माणूस गेला की त्याच्याबरोबर जे जातं, ते कुठल्याही प्राध्यापकाला भरून काढता येणार नाही. जर्मनीत माझ्या विद्यार्थिनीचं ड्रॉइंग परत करणारा माणूस तंत्रज्ञच होता. त्याला तो अधिकार होता आणि सगळे त्याचं ऐकत होते.

हे वाचणाऱ्या पालकांसाठी थोडं कामाचं सांगते. उन्हाळ्यातल्या बऱ्याच जागांचे अर्ज आधीच्या पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमारासच मागवले जातात, म्हणून पासपोर्ट दुसऱ्या वर्षातच काढून ठेवा. कुठल्याही कार्यक्रमाला हो म्हणण्याआधी तिथल्या प्रमुखांना एक ईमेल मुलाने स्वतः लिहावी: मी नेमकं काय बनवणार किंवा मोजणार आहे, माझ्या आधी हे काम कुणी केलं, आणि माझ्यानंतर ते कोण वापरणार? ज्यांच्याकडे खरं काम असतं ते सविस्तर उत्तर देतात, कधी ड्रॉइंगही पाठवतात. आणि आपलं मूल परत आलं की पहिल्या आठवड्यात त्याला त्याच्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात तासभर बोलायला पाठवा. गडचिरोलीची ती मुलगी त्याच वर्गात बसलेली असते, आणि तिच्या हातात अजून दोन उन्हाळे असतात.